सपाट तळपाय: घरची तपासणी, व्यायाम, पादत्राणे आणि भरतीची तयारी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील अनेक तरुणांना आपले तळपाय सपाट आहेत हे पहिल्यांदा कळते ते पोलीस किंवा सैन्यभरतीच्या तयारीत, अकादमीतल्या सरांनी ओले पाय फरशीवर ठेवायला सांगितल्यावर. तोवर त्या पायांनी शाळा झालेली असते, शेतातली कामे झालेली असतात, चैत्रात सप्तशृंगीच्या गडापर्यंतची पायवारीही झालेली असते आणि पायाने कधी तक्रार केलेली नसते. फरशीवरचा तो भरीव ठसा पाहिल्यावर मात्र घरात काळजी सुरू होते, कोणी बाटलीवर पाय घासायला सांगतो, कोणी महागडे इनसोल मागवतो, तर कोणी थेट शस्त्रक्रियेची चौकशी करतो. या लेखातील सूचना साधारण सतरा ते तीस वर्षे वयाच्या वाचकांसाठी आहेत. पाऊल कसे दिसते यापेक्षा ते काम कसे करते हे पाहावे, या एकाच धोरणावर पुढील सर्व पायऱ्या बेतलेल्या आहेत.

कमान म्हणजे नेमके काय

एका पावलात २६ हाडे असतात आणि टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत आतल्या बाजूने त्यांची एक लांबट कमान बनते. ही कमान हाडांच्या रचनेमुळे उभी राहते, पण तिला तोलून धरण्याचे काम तीन गोष्टी करतात: तळव्यातील जाड चिवट पट्टा, टाचेचे हाड व त्याच्या पुढचे नावेच्या आकाराचे हाड यांना जोडणारा अस्थिबंध, आणि पोटरीतून निघून आतल्या घोट्यामागून वळसा घालत पावलाच्या आतल्या कडेला चिकटणारी टिबियालिस पोस्टिरियर ही कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर). चालताना टाच उचलली जाते आणि बोटे वाकतात, तेव्हा विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा तळव्याचा पट्टा अंगठ्याच्या मुळाशी गुंडाळला जाऊन ताणला जातो, कमान वर उचलली जाते आणि पाऊल कडक होऊन शरीराला पुढे ढकलते. पुढे दिलेल्या चाचण्यांपैकी सर्वांत महत्त्वाच्या दोन चाचण्या याच क्रियेवर आधारलेल्या आहेत.

लहान बाळाचे पाऊल सपाटच असते, कारण तळव्यात चरबीची गादी असते आणि अस्थिबंध सैल असतात. वयाच्या साधारण सहाव्या ते दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांची कमान तयार होते, काहींची होत नाही. घराण्याचा वारसा, मुळातच लवचीक असलेले सांधे, आखडलेली पोटरी आणि जास्त वजन ही त्याची नेहमीची कारणे आहेत. लहानपणीच्या पादत्राणांचाही त्यात वाटा असावा. भारतात झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले गेले, तेव्हा पादत्राणे वापरणाऱ्या मुलांपैकी ८.६ टक्के मुलांची पावले सपाट आढळली, तर अनवाणी वावरणाऱ्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. शेतवाटांवर अनवाणी हिंडलेल्या पिढीचे पाय मजबूत असतात, हे गावाकडच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे म्हणून अगदीच निराधार नाही. मात्र या पाहणीचा अर्थ विसाव्या वर्षी अनवाणी धावू लागल्याने कमान परत येते असा होत नाही.

सपाट पाय म्हणजे दुखापत ठरलेलीच का

हा प्रश्न सैन्यांनीच सर्वांत आधी गंभीरपणे विचारला, कारण त्यांना हजारो तरुण निवडायचे असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, कॅनडाच्या सैनिकांच्या पावलांची पाहणी हॅरिस आणि बीथ या दोघा डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. लवचीक सपाट पाऊल, म्हणजे चवड्यावर उभे राहिल्यावर ज्याची कमान परत दिसते ते, हा बहुतांशी निरोगी पावलाचाच एक प्रकार आहे आणि खरा त्रास दोन गटांना होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पहिला गट ज्यांच्या टाचेमागची कंडरा आखूड आहे त्यांचा आणि दुसरा ज्यांचे पाऊल ताठर आहे त्यांचा. पुढे १९९३ मध्ये अमेरिकी पायदळाच्या प्रशिक्षणार्थींवरील अभ्यासात सर्वांत सपाट पावलांच्या तरुणांना अधिक दुखापती झाल्याचे आढळले नाही. उलट उंच कमानीच्या तरुणांना अधिक झाल्या. दुसरीकडे, धावणाऱ्यांच्या नडगीच्या आतल्या कडेला होणाऱ्या दुखण्याशी आत कलणाऱ्या पावलाचा संबंध पुढील अभ्यासांत दिसून आला आहे, पण तो सौम्य आहे. त्यामुळे "सपाट पाय आहेत, पुढे गुडघे जाणार" असे भाकीत विसाव्या वर्षी ऐकून घाबरण्याचे कारण नाही आणि नडगी दुखत असताना पायाकडे दुर्लक्ष करण्याचेही नाही.

पहिली पायरी: ठसा घ्या, पण त्यावर निकाल देऊ नका

पाय ओले करून शहाबादी फरशीवर किंवा खाकी कागदावर नेहमीच्या चालीने एक पाऊल टाकावे. उन्हाळ्यात फरशीवरचा ठसा बघता बघता वाळतो, म्हणून कागद बरा. पुढचा चवडा आणि टाच यांना जोडणारी मधली पट्टी चवड्याच्या रुंदीच्या निम्म्याहून बरीच अधिक भरली असेल तर कमान खाली आहे असे समजावे. दोन्ही पायांचे ठसे घ्यावेत आणि कागदावर तारीख घालून जपून ठेवावेत, कारण दोन पायांतील फरक आणि काळानुसार होणारा बदल या दोन गोष्टी एका ठशापेक्षा कितीतरी अधिक सांगतात. तळव्यात मांस जास्त असले तरी ठसा भरीव येतो, एवढी त्याची मर्यादा लक्षात असू द्यावी.

अधिक अचूक मोजायचे असल्यास पावलाच्या आतल्या कडेला, घोट्याच्या थोडे पुढे व खाली हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर पेनने खूण करावी. खुर्चीवर बसून पाय जमिनीवर हलका टेकवून खुणेची जमिनीपासून उंची मोजावी, मग उभे राहून तीच उंची पुन्हा मोजावी. सुमारे १० मिलिमीटरपर्यंत उंची उतरणे सर्वसाधारण मानले जाते. १५ मिलिमीटरपेक्षा अधिक उतरत असेल तर कमान बरीच खचते आहे असे म्हणता येईल.

दुसरी पायरी: लवचीक की ताठर

संपूर्ण तपासणीतला हा गाभा आहे, म्हणून घाई करू नये. सोबत कोणीतरी मागे उभे राहून मोबाइलवर चित्रण करील अशी व्यवस्था करावी.

प्रथम सरळ उभे राहावे. मागून पाहणाऱ्याला टाच बाहेरच्या बाजूला कललेली दिसते का आणि बाहेरच्या बाजूने दोनपेक्षा जास्त बोटे डोकावतात का, हे त्याने पाहावे. त्यानंतर दोन्ही चवड्यांवर उभे राहावे. कमान वर आली आणि बाहेर कललेली टाच आत वळली, तर पाऊल लवचीक आहे. चवड्यावर उभे राहूनही तळवा तसाच सपाट राहिला आणि टाच जागची हलली नाही, तर पाऊल ताठर असण्याची शक्यता आहे आणि पुढचे व्यायाम सुरू करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे इष्ट.

दुसऱ्या चाचणीत पाय जमिनीवर टेकवून उभे असताना सोबत्याने फक्त अंगठा हाताने वर उचलावा. लवचीक पावलात अंगठ्यासोबत कमानही वर येते.

तिसरी चाचणी एका पायाची. भिंतीला दोन बोटे टेकवून, एका पायावर उभे राहून टाच पूर्ण उंचीपर्यंत उचलत राहावे. निरोगी तरुणाला सलग वीसच्या आसपास वेळा हे जमायला हवे. एक पाय वीस वेळा आणि दुसरा सहाव्या वेळेलाच आतल्या घोट्याच्या दुखण्याने थांबत असेल, तर त्या बाजूची टिबियालिस पोस्टिरियर कंडरा दमलेली किंवा सुजलेली असू शकते. ही गोष्ट ठशात कधीच दिसत नाही.

चौथी चाचणी पोटरीची. भिंतीसमोर उभे राहून अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहावा. सपाट पायाचे तरुण इथे नकळत फसवणूक करतात: पोटरी आखडलेली असतानाही पाऊल आत कोसळवून ते गुडघा भिंतीला लावतात. म्हणून पाऊल सरळ, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणि कमान सावरलेली, या तिन्ही अटी पाळूनच चाचणी मोजावी. हॅरिस आणि बीथ यांनी ज्या पहिल्या गटाला वेगळे काढले होते तो घरच्या घरी याच चाचणीत सापडतो, आणि माझ्या मते या वयातल्या त्रासापैकी मोठा भाग इथेच दडलेला असतो.

ताठर पावलाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. काहींच्या टाचेजवळची दोन हाडे जन्मतःच एकमेकांना जोडलेली असतात. बालपणी हा सांधा मऊ कूर्चेचा असल्याने त्रास होत नाही, पण साधारण आठ ते सोळा वर्षांच्या दरम्यान तो हाडासारखा कडक होऊ लागतो आणि मग खडबडीत शेतात चालताना पाय वारंवार मुरगळणे, घोट्याखाली दुखणे, पाऊल आत वळवता न येणे अशी लक्षणे सुरू होतात. "पाय सारखा मुरगळतो" म्हणून वर्षानुवर्षे फक्त पट्टी बांधत राहिलेल्या तरुणाने ही शक्यता तपासून घ्यावी.

तिसरी पायरी: दुखते कुठे ते बोटाने दाखवा

ज्यांना काहीच दुखत नाही आणि ज्यांचे पाऊल लवचीक आहे, त्यांना उपचाराची गरज नाही. त्यांनी ही पायरी सोडून थेट धावण्याच्या भागाकडे, म्हणजे चौथ्या पायरीकडे, वळावे. दुखत असेल तर "पाय दुखतो" या दोन शब्दांवर कोणालाच नेमके निदान करता येत नाही.

टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली काही पावले सर्वाधिक दुखत असतील आणि चालल्यावर थोडे मोकळे वाटत असेल, तर तळव्याच्या पट्ट्याचा दाह हे सर्वांत संभाव्य कारण. आतल्या घोट्यामागे व खाली दुखत-सुजत असेल तर कंडरेचा ताण. आतल्या कडेच्या हाडाच्या उंचवट्यावर बूट घासून दुखत असेल तर तिथे एक जादा छोटे हाड असू शकते. अनेक निरोगी माणसांत ते असते आणि घट्ट बुटामुळेच जाणवते. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात, वीतभर लांबीत पसरलेले दुखणे धावण्याचा भार एकदम वाढल्याचे असते. अंगठ्याच्या मुळाशी वाढत जाणारा कोन आणि गुडघ्याच्या वाटीमागचे दुखणे यांचाही सपाट पायाशी काही संबंध असतो, पण त्यांना इतर कारणेही तितकीच असतात.

खालील लक्षणे असतील तर घरगुती उपाय करत बसू नये. हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवल्यावर तीव्र दुखणे, त्या पायावर उडी मारता न येणे किंवा रात्री झोपेतही ठणकणे ही हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची चिन्हे असू शकतात. पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत असा तडा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आला" एवढ्यावर धावणे पुन्हा सुरू करणे धोक्याचे आहे. पावलाच्या वरच्या मधल्या भागातील असा तडा विशेष गंभीर मानावा. टाचदुखीसोबत सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर आखडत असेल, तर तो मणक्याच्या संधिवाताचा प्रकार असू शकतो आणि तो नेमका याच वयात सुरू होतो. तळव्याला बधिरपणा, न दुखणारी जखम किंवा त्वचेवर संवेदना नसलेला फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोग किंवा मधुमेहाची तपासणी करून घ्यावी. कुष्ठरोगाचे औषध सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात हाडे ठणकण्याचे झटके येतात, आणि अशा तरुणाच्या पायदुखीचा दोष केवळ सपाट तळव्याला देऊन मोकळे होणे ही मोठी चूक ठरेल. फक्त एकच पाय काही महिन्यांत सपाट झाला असेल तर त्यालाही डॉक्टर लागतात.

चौथी पायरी: भार आवरा

भरतीची जाहिरात निघते आणि चार महिने मैदानाकडे न फिरकलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी पहाटे महामार्गाच्या कडेने पाच किलोमीटर धावू लागतो. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावायचे असते. तेवढ्यासाठी रोज पाच-सहा किलोमीटर डांबरी रस्त्यावर धावण्याची गरज नसते. सपाट पायात प्रत्येक पावलाला पाऊल आत कलते, ते सावरण्याचे काम नडगीजवळचे स्नायू आणि कंडरा करतात. त्यांना तयार व्हायला महिने लागतात, छाती आणि दम मात्र काही आठवड्यांतच सुधारतात. दम तयार आणि पाय कच्चा, अशा मधल्या काळात बहुतेक दुखापती होतात.

म्हणून आठवड्यात तीन किंवा चार दिवसच धावावे आणि मधले दिवस सायकल किंवा व्यायामाला द्यावेत. पहिले दोन आठवडे चालणे व हलके धावणे आलटून पालटून ठेवावे. आठवड्याचे एकूण अंतर आधीच्या आठवड्यापेक्षा साधारण दहाव्या भागाने वाढवावे, आणि दर चौथ्या आठवड्यात ते थोडे कमी करावे. हा दहाव्या भागाचा आकडा काही दगडावरची रेघ नव्हे. ज्याला हिशेब ठेवायला आवडत नाही त्याला हाताशी एक मर्यादा असावी, एवढाच त्याचा उपयोग. वेगाचा सराव पाय शांत झाल्यावर, आठवड्यातून एकदाच सुरू करावा.

दुखणे मोजण्याची सोपी रीत अशी की शून्य ते दहाच्या मापात धावताना तीनपर्यंतचे दुखणे चालू शकते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधीपेक्षा वाढलेले असता कामा नये. वाढले असेल तर पुढचा सराव निम्मा करावा. वेदनाशामक गोळी घेऊन मैदानावर उतरू नये, कारण त्याने मोजमापच नाहीसे होते.

धावण्याच्या जागेचाही विचार व्हावा. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो आणि अशा उतारावर वरच्या बाजूला पडणारे पाऊल अधिक आत कलते. एकाच बाजूने रोज धावणाऱ्याचा एकच पाय दुखू लागण्याचे हे एक कारण आहे. कॉलेजचे किंवा तालुका क्रीडा संकुलाचे मातीचे मैदान उत्तम, आणि तिथेही फेऱ्यांची दिशा अधूनमधून बदलावी. काळ्या जमिनीवरून जाणाऱ्या शेतवाटा उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसाळ्यात चिकट होतात, त्यामुळे दोन्ही काळांत त्या धावण्यासाठी टाळाव्यात.

ज्यांचा भार धावण्याचा नसून उभे राहण्याचा आहे त्यांचा हिशेब निराळा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर यंत्रापुढे उभे राहणारे, डाळमिलमध्ये पोती उचलणारे, सराफ बाजारात काउंटरमागे असणारे, रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड खांद्यावर वाहणारे, भुसावळ विभागात रुळांच्या देखभालीसाठी खडीवरून चालणारे, या सर्वांना सुट्टी मागून मिळत नाही. त्यांनी उभ्या जागेखाली रबरी चटई किंवा निदान जाड पुठ्ठा टाकावा, दर अर्ध्या-पाऊण तासाने चवड्यांवर दहा वेळा उठावे, एक पाय आळीपाळीने वीटभर उंचीवर ठेवावा आणि जेवणाच्या सुट्टीत बूट काढून पाय मोकळे करावेत. वजन जास्त असल्यास ते चार-पाच किलोने कमी झाले तरी पायाला फरक जाणवतो. गर्भारपणात अस्थिबंध सैल होतात आणि काही स्त्रियांची कमान त्यानंतर कायमची थोडी उतरते. बाळंतपणानंतर जुनी चप्पल घट्ट होऊ लागली तर मोठ्या मापाची घ्यावी, पाय सुजला असे समजून वाट पाहत बसू नये.

पाचवी पायरी: बूट आणि इनसोल

बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाऊल थोडे पसरते. दुकानातच तीन गोष्टी पाहाव्यात. टाचेभोवतीचा भाग दोन बोटांनी दाबल्यावर सहज चिमटता कामा नये. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, मध्यभागी दुमडू नये. आणि दोन्ही टोके धरून पिळल्यावर तो ओल्या कपड्यासारखा पिळला जाऊ नये. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा असावी आणि चवड्याला रुंदी पुरावी. "पाऊल आत वळू न देणारे" म्हणून विकल्या जाणाऱ्या महाग बुटांबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, त्यामुळे चालून-धावून ज्यात सुखावह वाटते तो बूट, हा निकष अधिक भरवशाचा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर बुटाचा तळ दबतो, मग वरून तो कितीही नवा दिसो. पातळ तळाचे जुने कॅनव्हासचे बूट आणि घरातली हवाई चप्पल ही धावण्याची किंवा दहा तास उभे राहण्याची साधने नाहीत.

इनसोलविषयी बाजारात मोठा गैरसमज विकला जातो. कमानीला आधार देणारा इनसोल दुखणे कमी करू शकतो, पण प्रौढ माणसाची कमान तो नव्याने घडवत नाही. दुखत नसेल तर त्याची गरज नाही. दुखत असेल तर आधी तयार मिळणारा, फार कडक नसलेला इनसोल घ्यावा, पहिल्या दिवशी तासभर आणि मग रोज थोडा वेळ वाढवत आठवडाभरात पूर्ण वापरावा. माप घेऊन बनवलेला महाग इनसोल सरसकट श्रेष्ठ असतो असे नाही. तळव्याच्या पट्ट्याच्या दुखण्यात तर तयार इनसोल बहुधा तेवढेच काम करतो. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर इनसोल बदलत बसण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावे.

सहावी पायरी: व्यायाम

पोटरीचा ताण आधी. भिंतीला हात टेकवून एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद. मग गुडघा किंचित वाकवून पुन्हा ३० सेकंद. प्रत्येक पायाला तीन वेळा, रोज. मागचे पाऊल बाहेर वळलेले नसावे. आतल्या कडेखाली दुमडलेला रुमाल ठेवला तर ताण पावलाच्या मधल्या सांध्यावर न जाता पोटरीवर जातो.

त्यानंतर छोट्या स्नायूंचा व्यायाम. बसून पाय जमिनीवर टेकवावा आणि बोटे न वाकवता चवडा टाचेकडे ओढून कमान उचलावी, पाच सेकंद धरावी आणि सोडावी. सुरुवातीला बहुतेकांची बोटे वाकतात किंवा पोटरी पेटते. आठवडाभरात जमू लागते. दहा वेळा बसून जमले की उभे राहून, मग एका पायावर करावे. दात घासताना एका पायावर उभे राहून कमान सावरण्याची सवय लावली तर वेगळा वेळ काढावा लागत नाही.

खरी ताकद टाच उचलण्याच्या व्यायामातून येते. दोन्ही टाचांमध्ये रबरी चेंडू धरून, तो हलका दाबत चवड्यांवर उठावे. चेंडूमुळे टाच आत वळते आणि टिबियालिस पोस्टिरियर कामाला लागते. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, १२ वेळा असे तीन संच, आठवड्यातून तीन दिवस. हे सोपे वाटू लागले की चेंडू बाजूला ठेवून एका पायावर आणि शेवटी पाठीवर दप्तर घेऊन करावे. तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे असेल तर बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून हाच व्यायाम केल्यास पट्ट्यावर योग्य ताण येतो. सोबत कंबरेच्या बाजूच्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम घ्यावा, कारण मांडी आत वळली की पाऊलही तिच्यामागे जाते.

फरक जाणवायला आठ ते बारा आठवडे लागतात. ठसा बहुधा जवळपास तसाच राहतो. बदलते ती टाच उचलण्याची संख्या, पोटरीच्या चाचणीत अंगठ्याचे भिंतीपासूनचे अंतर आणि सकाळचे दुखणे. म्हणून दर दोन आठवड्यांनी याच गोष्टी वहीत नोंदवाव्यात.

डॉक्टर, एक्स-रे आणि शस्त्रक्रिया

बारा आठवडे नियमाने करूनही दुखणे कायम असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. एक्स-रे उभे राहून, पायावर वजन देऊन काढावा, असे आवर्जून सांगावे. झोपून काढलेल्या चित्रात कमान खोटी चांगली दिसते. हाडे जोडली गेल्याचा संशय असेल तर सीटी स्कॅन आणि कंडरेची शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय उपयोगी ठरते. कंडरेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याआधी कंडरा तुटण्याचा धोका डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

शस्त्रक्रिया ताठर आणि दुखऱ्या पायासाठी, इतर उपाय थकल्यावर असते. न दुखणाऱ्या लवचीक पायावर केवळ भरतीसाठी ती करून घेऊ नये. बरे व्हायला महिने जातात, पाय पूर्वीसारखा धावेल याची हमी नसते आणि हाडात बसवलेला धातूचा भाग वैद्यकीय तपासणीत स्वतंत्र अडचण बनू शकतो.

भरतीच्या तपासणीला जाताना

सपाट तळवा म्हणजे सरसकट अपात्र, ही अकादम्यांमधली समजूत अर्धवट आहे. सैन्यातील अधिकारी प्रवेशाच्या, म्हणजे एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) यांच्या, वैद्यकीय निकषांत चवड्यावर उभे राहिल्यावर कमान परत दिसत असेल, उमेदवाराला चवड्यांवर नीट उड्या मारता व धावता येत असेल आणि पाऊल लवचीक व वेदनारहित असेल तर त्याला स्वीकारार्ह मानले आहे. ताठर पाऊल, चवड्यावर तोल न सांभाळता येणे आणि दुखरे सांधे ही अपात्रतेची कारणे दिली आहेत. इतर पदांचे, राज्य पोलीस दलाचे आणि रेल्वेचे निकष वेगळे असू शकतात, म्हणून त्या वर्षाची जाहिरात आणि तिच्या वैद्यकीय अटी मुळातून वाचाव्यात, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

तपासणीआधीचे दोन महिने चवड्यांवर दोरीच्या उड्या हळूहळू वाढवत न्याव्यात आणि चवड्यांवर तीस सेकंद न डगमगता उभे राहण्याचा सराव ठेवावा. तपासणीच्या आदल्या आठवड्यात लांब अंतर धावून पाय दमवू नयेत. सैन्यभरतीत अपात्र ठरवल्यावर ठरावीक मुदतीत लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते; कागदावर नेमके कोणते कारण लिहिले आहे आणि मुदत कधी संपते हे तिथल्या तिथे विचारून घ्यावे, आणि फेरतपासणीला वजन देऊन काढलेला एक्स-रे सोबत न्यावा. ज्याने तयारीच्या पहिल्याच आठवड्यात चवड्यांची चाचणी केली आहे त्याला आपले पाऊल लवचीक आहे की ताठर हे अर्ज भरण्याआधीच माहीत असते. ताठर असल्याचे डॉक्टरांनी नक्की केले असेल, तर जिथे मैदानी चाचणी नाही अशा पदांचा अभ्यास त्याच वेळी सुरू करता येतो.